बक्कल घट्ट लाव

आमच्या घरात चार पाहुणे जमले की कुणीतरी विषय काढतंच, ह्या म्हातारीनं भर लढाईत स्वतःच्या नणंदेला समुद्रात बुडवलं होतं म्हणून. नातवंडं खिदळतात. आजवर मीही हसून सोडून देत आले. पण आता वन्सं जाऊन वर्ष झालं. खरं काय ते ठाऊक असणारी मी एकटी उरले, आणि ह्या वेळी मी हसणार नाही. बसा, ऐका. मध्ये बोललात तर उठून जाईन.

वन्सं म्हणजे ह्यांच्या पाठची बहीण, पण माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. म्हणून मी 'वन्सं, तुम्ही' म्हणायची आणि ती मला 'वहिनी, तू'. आमचं दोघींचं सख्य म्हणाल तर विळ्या-भोपळ्याचं. मी भाजी चिरली की तिला जाड वाटायची, तिनं घडी घातली की मला वाकडी दिसायची. खोटं कशाला बोलू?

सगळे तिला दाभण म्हणायचे. माझ्या सासऱ्यांचं चामड्याच्या दुरुस्तीचं दुकान होतं. बॅगा, पट्टे, घोड्यांचे लगाम, काय येईल ते. मुलगा दुकानात फिरकला नाही, तो बंदरावर क्रेन चालवायला गेला. मुलीनं मात्र दहाव्या वर्षी दाभण हातात घेतलं ते शेवटपर्यंत. तिचं लग्न झालं होतं हो. वर्षभर टिकलं. नवऱ्यानं एकदा हात उगारला, हिनं दाभण उगारलं. दुसऱ्या दिवशी ट्रंक घेऊन दारात हजर. सासूबाई, हे, शेजारीपाजारी, सगळ्यांनी तिला एकच ऐकवलं, "अगं, तुटेपर्यंत ताणू नये." मीही ऐकवलं. त्यावर ती म्हणाली, "तुटलं तर शिवता येतं मला." आणि ट्रंक आत ओढून घेतली.

लढाई सुरू झाली तेव्हा बंदराच्या टोकाला नौदलाच्या विमानांचा तळ पडला, आणि त्यांना शिवणाऱ्या बायका हव्या होत्या. वन्सं पहिल्या दिवशी गेली. दुसऱ्या आठवड्यात मला म्हणाली, "घरात माझ्या चुका काढत बसतेस त्यापेक्षा चल, तिथे जाकिटांच्या काढ." आणि खरोखर हाताला धरून नेलं.

लांबलचक शेड होती. वर पत्रा, खाली फरशी, एका अंगाला सहा मशीनं आणि दुसऱ्या अंगाला भिंतभर खुंट्या. प्रत्येक खुंटीला नंबर. खुंटीवर एकेका वैमानिकाचा सगळा साज टांगलेला असायचा. कानटोपीसारखं चामड्याचं शिरस्त्राण, गॉगल, हातमोजे, पिवळं लाइफ जाकीट, आणि काखेत अडकवायचं पिस्तुलाचं होल्स्टर. सगळीकडे रबराचा वास. जाकिटातल्या रबरी पिशव्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून आम्ही त्यांना शंखजिरं चोळायचो, त्यामुळे घरी येताना आम्ही पिठाच्या गिरणीतून आल्यासारख्या दिसायचो. सकाळी पोरं येऊन आपापला साज उतरवून न्यायची आणि परतली की टांगायची. कधी एखादी खुंटी मोकळी राहायची. त्या खुंटीकडे आठवडाभर कुणी बघायचं नाही.

जाकीट कसं असतं ते नीट समजून घ्या, पुढे लागेल. छातीवर डावी-उजवीकडे दोन रबरी पिशव्या, वर कापडी कव्हर. प्रत्येक पिशवीला हवेची एवढीशी बाटली. समुद्रात पडलं की दोऱ्या ओढायच्या, पिशव्या भसकन फुगतात आणि माणूस आकाशाकडे तोंड करून तरंगतो. वन्सं प्रत्येक पिशवी तोंडानं फुगवून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी ती गालाला लावून बघायची. साबणाच्या पाण्याला जी गळती कळायची नाही ती तिच्या गालाला कळायची.

आणि शेडची एक रीत होती. जिनं जाकीट शिवलं तिनं आतल्या पट्टीवर लाल दोऱ्यानं आपली खूण घालायची. वन्संची खूण तीन तिरके टाके, माझी फुली. आणि वैमानिक ते जाकीट पहिल्यांदा घालेल तेव्हा शिवणारीनंच त्याचं बक्कल लावायचं. पट्ट्याखाली एक बोट गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. खूण म्हणजे जबान, असं वन्सं म्हणायची. पोरं खूण बघूनच जाकीट घ्यायची.

त्यात एक पोरगा होता, शिटी. सतत शिट्टी वाजवत यायचा म्हणून ते नाव. जेमतेम एकविसाचा असेल. तो वन्संला मावशी म्हणायचा आणि तिच्याशी बोलायला कुणाची छाती व्हायची नाही तेवढं बोलायचा. भांडारसाहेबांनी एकदा त्याला झापलं, "तुमच्यातला जो कुणी समुद्रातून वाचून येतो तो पिस्तूल टाकून कसा येतो?" हा म्हणतो, "साहेब, पाण्यात पिस्तूल कुणावर झाडू? माशांवर?" पोरं हसली. भांडारसाहेब हसले नाहीत.

हे भांडारसाहेब म्हणजे सगळ्या सामानाचे मालक. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यातले. विमानात कधी बसले नव्हते, पण विमानात बसणाऱ्यानं काय घालावं हे त्यांना पक्कं ठाऊक. त्या हसण्याचा त्यांनी डूख धरला असावा. आठ दिवसांनी फर्मान आलं. होल्स्टर काखेतून काढायचं आणि जाकिटाच्या कव्हरवर, डाव्या छातीवर, कायमचं शिवून टाकायचं. पिस्तूल वजनदार, ते लोंबू नये म्हणून होल्स्टरचा चामडी पट्टा पाठीवरून फिरवून घट्ट बांधायचा. म्हणजे पिस्तूल हरवायला नको, दिसायलाही रुबाबदार. साठ जाकिटं, चार दिवस. पाचव्या दिवशी सकाळी मोठे साहेब पाहणीला येणार, आणि दुपारी सगळी पोरं जहाजावर चढून निघणार.

वन्संनं नमुन्याचं जाकीट हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि खाली ठेवलं. "साहेब, पट्टा डाव्या पिशवीवरून जातो. बांधलेली पिशवी फुगणार नाही. उजवी तेवढी फुगेल, आणि डावीकडे लोखंड. माणूस पालथा पडेल."

"फुगणार नाही? हे बघ." साहेबांनी जाकीट टेबलावर पसरलं आणि दोऱ्या ओढल्या. दोन्ही पिशव्या टम्म फुगल्या.

"टेबलावर फुगेल हो. आत माणूस कुठेय? पट्टा लोंबतोय. माणसाला घालून पाण्यात टाकून बघा."

"वेळ नाही."

"मग माझी खूण मिळणार नाही."

साहेब म्हणाले, "पाहणी होऊ दे, मग तू आणि तुझी खूण दोन्ही बाहेर." वन्संनं मशीनवर झाकण घातलं आणि हात मांडीवर ठेवून बसली. चार दिवस तशीच बसली. रोज वेळेवर यायची, रोज साहेबांना एकदा विचारायची, "पाण्यात टाकून बघता?" आणि ते नाही म्हणाले की परत मांडीवर हात.

आणि मी? मी शिवली. अकरा जाकिटं शिवली आणि अकरांवर लाल फुली घातली. वन्संचं म्हणणं मला पटलं नव्हतं असं नाही, चांगलं पटलं होतं. पण माझी पाचावर धारण बसली होती. उरलेल्या चौघीजणी खाली मान घालून शिवत होत्या, मीही घातली मान खाली. घरी जाताना वन्सं माझ्याशी एक शब्द बोलायची नाही. चौथ्या दिवशी मला राहवलं नाही. म्हटलं, "वन्सं, सगळ्याच गोष्टी एवढ्या ताणू नयेत."

ती चालता चालता थांबली. "तूही?" एवढंच म्हणाली. त्यापेक्षा तिनं मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पाचव्या दिवशी सकाळी धक्क्यावर पोरं ओळीत उभी. सगळ्यांच्या अंगावर पिवळी जाकिटं, डाव्या छातीवर चकचकीत होल्स्टर. भांडारसाहेब मिशीला पीळ देत येरझारा घालत होते. आम्ही बायका शेडच्या दारात. वन्सं मला आत घेऊन गेली. माझ्या ढिगातलं एक जाकीट शिल्लक होतं, पिस्तुलासकट, एका आजारी पोराचं.

"हे मला घाल."

"कशाला?" म्हटलं खरं, पण मला कळलं होतं. "वन्सं, तुम्हाला पोहता कुठे येतं?"

"म्हणून तर. पोहता येणारा हातपाय मारून वर येईल आणि भांडारसाहेब म्हणतील, बघा, जाकीट उत्तम आहे." तिनं हात वर केले. "खूण तुझी आहे, वहिनी. बक्कल तूच लावायचं."

माझे हात असे थरथरत होते की पट्टा बकलात जाईना. आणि तेव्हा माझ्या मनात आलं. का खोटं सांगू, आलंच. दोन बोटं ढिलं ठेवावं. ढिला पट्टा म्हणजे टेबलावरचाच प्रकार, डावी पिशवी फुगेल, वन्सं तरंगेल, वाचेल. कुणाला कळणारही नाही. पण मग भांडारसाहेबांचं खरं ठरेल आणि दुपारी साठ पोरं ते घालून जहाजावर चढतील. शिटी चढेल. आणि कुठल्या तरी समुद्रात एकेकजण पालथा होईल, छातीवर माझी फुली घेऊन.

तिची माझ्याकडे पाठ होती. माझ्या हाताचं अडखळणं तिला समजलं असणार. मागे न बघता म्हणाली, "वहिनी, बक्कल घट्ट लाव."

मी लावलं. एक बोट घालून बघितलं, गेलं. दुसरं घालून बघितलं, गेलं नाही.

"पालथी झाले की वीस मोज, मग ओरड," ती म्हणाली. "आधी ओरडलीस तर म्हणतील, उलटायला वेळच दिला नाही."

एवढं मात्र मी तिला न विचारता केलं, की पुढे पळत जाऊन शिटीच्या कानात सांगितलं. तो धक्क्याच्या कडेशी सरकला. वन्सं ओळीसमोरून ताठ चालत गेली, जशी काही पाहणी तिचीच होती. मोठे साहेब नुकतेच गाडीतून उतरत होते. म्हातारे, एक खांदा उतरलेला, कपाळावर आठ्या. त्यांनी विचारलं, "ह्या कोण?" भांडारसाहेबांनी तोंड उघडेपर्यंत वन्संनं उडी टाकली होती.

पाण्यातच तिनं दोऱ्या ओढल्या. उजवी पिशवी भसकन फुगली. डावी पट्ट्याखाली नुसती गुरगुरली. क्षणभर ती आकाशाकडे तोंड करून होती, मला तिचे डोळे दिसले. मग ती डावीकडे कलंडली, पिस्तुलानं तिला हळूच खाली ओढलं आणि ती पालथी झाली. पाठ तेवढी वर. हात आधी पाणी बडवत होते, मग नुसते हलायला लागले.

मी मोजत होते. तिनं वीस सांगितले होते. मी बाराला ओरडले.

शिटीनं जाकीट फेकलं आणि उडी घेतली. होडीवाल्यानं आकडा टाकला. वर काढली तेव्हा ती निळी पडली होती. फरशीवर उपडी घालून पाठीत गुद्दे घातले तेव्हा पाणी ओकली आणि पहिला श्वास घेतला. पिस्तूल? पिस्तूल जागच्या जागी, तसूभर हललं नव्हतं. भांडारसाहेबांचं काम चोख होतं.

पण हा गृहस्थ हार मानणारा नव्हता. त्यानं जाकिटाची पट्टी उलटून बघितली, लाल फुली दिसली आणि सरळ माझ्याकडे बोट केलं. "साहेब, ही हिची भावजय! दोघींचं घरात पटत नाही, अख्ख्या शेडला ठाऊक आहे. हिनं मुद्दाम पट्टा आवळला. जाकिटाचा दोष नाही, हा बायकांच्या भांडणाचा प्रकार आहे!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खरं सांगते, जन्मात मी साहेब माणसापुढे ब्र काढला नव्हता. साधं 'हो' म्हणतानाही पदर चाचपणारी मी. पण वन्सं तिथे फरशीवर खोकत पडलेली, ओठ निळे, आणि हा माणूस आमच्या चुलीपर्यंत येऊन बोलतो? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पटत नाही! बिलकूल पटत नाही!" मी ओरडले. "तिला माझी भाजी जाड वाटते! त्याचा इथे काय संबंध? हातच्या काकणाला आरसा कशाला? साहेब, ही पोरं उभी आहेत. ह्यांच्या पट्ट्यात बोट घालून बघा. एक जाईल, दुसरं जाणार नाही. मग तिच्या पट्ट्यात घाला. माझा पट्टा एक केस जरी जास्त घट्ट निघाला तर मला आत्ता ह्याच पाण्यात ढकला!"

मोठे साहेब ओळीतल्या पहिल्या पोराकडे गेले. पट्ट्याखाली एक बोट घातलं. दुसरं घालायला गेले, जाईना. दुसरा पोरगा. तिसरा. सातव्यापर्यंत गेले. मग परत आले, गुडघा टेकून खाली बसले, आणि वन्संला म्हणाले, "बाई, परवानगी आहे?" ती खोकता खोकता म्हणाली, "बघा की." ओल्या पट्ट्याखाली त्यांचं एक बोट गेलं. दुसरं गेलं नाही.

ते उठले. गुडघ्याचं पाणी झटकलं. भांडारसाहेबांकडे बघून एकच शब्द बोलले. "उसवा."

जहाज एक दिवस थांबवलं. वन्संला मात्र त्याच दुपारी कामावरून काढलं. कारण काय, तर परवानगीशिवाय सरकारी पिस्तूल घेऊन पाण्यात उडी. कागद वाचून ती म्हणाली, "पिस्तूल कोरडं करून परत दिलं, तेवढंही लिहा." आणि सही न करता निघाली.

घरी बातमी आमच्या आधी पोचली होती. सासूबाई दारातच. वन्संला घोंगडीत गुंडाळून बसवलं, आणि माझ्याकडे वळल्या. "तिला पोहता येत नाही हे ठाऊक असून तू पट्टा आवळलास? थोडा सैल सोडायला काय झालं होतं तुला? हात नाही थरथरला?" हे कोपऱ्यात उभे होते. त्यांचीही नजर तीच. सकाळी सगळ्या तळापुढे ओरडलेली मी, घरात माझी वाचा बसली.

"थरथरला," घोंगडीतून आवाज आला. "मला पाठीला लागत होतं ना. चांगला थरथरत होता."

"बघ!" सासूबाई म्हणाल्या.

"काय बघ? थरथरत्या हातानं लावलं, पण घट्ट लावलं. आई, मी ट्रंक घेऊन आले तेव्हापासून ह्या घरात जो तो मला सांगतोय, ताणू नकोस, सैल सोड. कालपर्यंत हीसुद्धा. आज माझ्यासाठी कुणीतरी पहिल्यांदा घट्ट आवळलं, आणि तुम्ही तिलाच बोलता?" तिला परत खोकला आला. तो थांबल्यावर माझ्याकडे बघून डोळे वटारले. "पण बाराच मोजलेस तू."

"वीस मोजले."

"बारा. मीही मोजत होते."

मग मला रडू फुटलं. चांगली हुंदके देऊन रडले. ती काही जवळ बिवळ आली नाही, तसली ती नव्हतीच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी कामावर निघाले, तेव्हा दारात आडवी आली. हातात बापाचं दाभण होतं, लाकडी मुठीचं. ते कुणाला हात लावू द्यायची नाही.

"उसवायला कात्री घेऊ नकोस, कव्हर फाटतं. टाक्याखाली हे घाल आणि उचल. आणि आधी तुझी अकरा घे."

मग तिनं सासऱ्यांचं बंद दुकान उघडलं आणि चाळीस वर्षं चालवलं. माझी भाजी तिला शेवटपर्यंत जाडच वाटली. तर आता कुणी विचारलं, आजी, तुम्ही बुडवलंत का त्यांना, तर सांगते, हो, बुडवलं. तिनं सांगितलं तितकं घट्ट बांधून बुडवलं, आणि तशी वेळ आली तर परत बांधेन. उसवायला गेले त्या दिवशी शेडमध्ये मी तिच्या मशीनवर बसले. भांडारसाहेब दारापर्यंत आले, माझ्या हातातलं दाभण बघितलं आणि परत गेले. साठ जाकिटं होती. आधी मी माझी अकरा घेतली.